मासींच्या वेगानं ब्रॅडगेट पार्क

२०२५च्या मार्चअखेरीस आमच्या गटाला एक मोकळा शनिवार मिळेना. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या बेलग्रेव्ह भागातल्या एका सभागृहात आम्ही दर आठवड्याला जमतो. बहुतेक साठी-सत्तरीच्या गुजराती मासी, थोड्या पंजाबी आंटी, आम्ही काही मराठी बायका आणि बायकोबरोबर येऊन कोपऱ्यात पेपर वाचत बसणारे काका. थंडी सरली की सगळ्यांनी मिळून शहराबाहेरच्या ब्रॅडगेट पार्कात चालायला जायचं, हे डिसेंबरातच ठरलं होतं. २९ मार्चचा शनिवार सुचवला, तर त्या दिवशी सूर्यग्रहण. इथून खंडग्रास दिसणार, दहाच्या सुमारास लागणार आणि बाराला सुटणार, म्हणजे नेमकी आमची चालायची वेळ. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, असं मासींनी आणि आमच्या नागपूरच्या काकूंनी एकाच सुरात सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवारी पाडवा, गुजराती घरांत चैत्री नवरात्राची सुरुवात, इथला मदर्स डे म्हणून लेकी-सुना जेवायला येणार, आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे जाणार. पुढच्या रविवारी रामनवमी, नंतरच्या शनिवारी हनुमान जयंती, मग ईस्टर. असं करत करत २६ एप्रिल पक्का झाला, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा शनिवार.

सभागृह चालवणाऱ्या तरुण मुलीला ही सगळी अडचण वाटत होती. मला वाटत नव्हती. ज्यांच्यासाठी चालायचं त्यांचं पंचांग बाजूला ठेवून तारीख काढली, तर गाडी अर्धी रिकामी जाते, हे मी इतर उपक्रमांत पाहिलं आहे. शिवाय इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंतच अंगाला ड जीवनसत्त्व तयार करता येईल इतकं ऊन असतं. बाकीचे महिने ऊन दिसलं तरी त्याचा त्या दृष्टीनं उपयोग नाही. सावळ्या कातडीला त्याच उन्हातून कमी मिळतं, म्हणून इथली आरोग्य सेवा आपल्यासारख्यांना वर्षभर रोज दहा मायक्रोग्रॅमची गोळी घ्या असं सुचवते. चार आठवडे उशीर म्हणजे तेवढं ऊन चढलेलं, आणि सरावालाही तेवढा वेळ हातात.

मी औषधांच्या दुकानात काम करते. काउंटरच्या या बाजूनं मला एकच वाक्य सतत ऐकू येतं: डॉक्टर म्हणाले, चालत जा. कुठं चालायचं, किती, कुणाबरोबर, गुडघा दुखला तर कुठं टेकायचं, यातलं काही त्या वाक्यात नसतं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांच्या दोन ते चार पट असतो, आणि तोही कमी वयात. वजनाचा धोका मोजायचा बीएमआयचा आकडासुद्धा आपल्यासाठी खाली आणला आहे. इतरांना पंचवीसपासून सावध करतात, आपल्याला तेवीसपासून. बेलग्रेव्ह रोडवर, ज्याला सगळे गोल्डन माइल म्हणतात, एप्रिल आला की हापूस-केसरच्या पेट्या फुटपाथपर्यंत रचलेल्या असतात. त्या पेट्यांसमोर उभं राहून कुणाला आहारावर भाषण द्यायची माझी इच्छा नाही. चालणं मात्र हातात धरून सुरू करून देता येतं.

या देशात गटानं चालण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. डॉ. विल्यम बर्ड या फॅमिली डॉक्टरनं १९९५मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन गावात आपल्या रुग्णांसाठी असं चालणं सुरू केलं, आणि त्यातून पुढे देशभर योजना उभी राहिली. आज रॅम्बलर्स ही पायी फिरणाऱ्यांची जुनी संस्था तिला वेलबीइंग वॉक्स म्हणते. फुकट, कमी अंतराचं, दहा मिनिटांपासून दीड तासापर्यंत, आणि पुढे मागे प्रशिक्षित स्वयंसेवक. आमच्या भागातल्या अशाच एका प्रशिक्षणाला मी आणि गटातली एक पंजाबी मैत्रीण जाऊन आलो.

प्रशिक्षणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेवटच्या माणसाची जागा. पुढे लीडर चालतो, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. मागे बॅकमार्कर, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. निघताना माणसं मोजायची, प्रत्येक थांब्यावर मोजायची, परतल्यावर मोजायची. सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्यांना हे नवीन नाही. पण ट्रेकमध्ये मागे राहिलेल्याला पुढे आणण्याची घाई असते. इथे उलट शिकवलं: लीडरनं वेग ठरवायचा तो मागे बघून. पुढचे लोक थांबले आणि मागचे पोचले की लगेच निघायचं नाही, कारण मग ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. मागून आलेल्याचा श्वास जागेवर आला, तो बोलायला लागला, की मग निघायचं. इतकी साधी गोष्ट, आणि सहलींमध्ये, देवदर्शनाच्या फेऱ्यांमध्ये मी ती कधीच पाळलेली पाहिली नव्हती.

वेग मोजायलाही घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यायला हवं, गाता येऊ नये, की झाला मध्यम व्यायाम. आठवड्याला असा दीडशे मिनिटांचा व्यायाम हवा, ही इथली अधिकृत शिफारस. आमच्या गटाला ही कसोटी लगेच पटली, कारण मासी एरवीही चालता चालता भजन म्हणतात. ॲबी पार्कमधल्या सरावात त्यांची पट्टीच झाली: भजन नीट सुरात चाललंय, म्हणजे जरा पाय उचला. बोलणंच थांबलंय, म्हणजे बाकावर बसा.

ॲबी पार्क आमच्या सभागृहापासून चालत जाण्यासारखं. सोर नदीच्या काठचं सपाट शहरी उद्यान आहे, आत जुन्या मठाचे अवशेष आहेत आणि १५३० साली वारलेल्या कार्डिनल वुल्झीला तिथेच पुरलं होतं. सरावासाठी याहून चांगली जागा नाही. फेब्रुवारीत सुरुवात केली तेव्हा एक फेरीसुद्धा पुष्कळांना जड गेली. सुरुवातीची दहा मिनिटं मुद्दाम संथ, नंतर थोडा वेग, शेवटी पुन्हा संथ. कुणी मोबाइलवर पावलं मोजायला लागलं की मी विरोध करायचे. पावलांची तुलना सुरू झाली की मागची माणसं यायची बंद होतात. ज्याला आकडा हवा त्यानं घरी जाऊन बघावा.

मग जागेची पाहणी. ब्रॅडगेट पार्क शहरापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर, न्यूटाउन लिनफर्ड गावाला लागून. सुमारे ८५० एकर. चार्नवुड भागातले काळे, टोकदार खडक, त्यांवर नेचे, मधून वाहणारी लिन नावाची चिमुकली नदी आणि मोकळी फिरणारी हरणं. हरणांसाठी राखलेलं रान म्हणून त्याची १२४१ सालातली नोंद आहे. पाहणीला आम्ही एका बुधवारी गेलो. मार्चचा कोरडा, लख्ख दिवस होता. २०२५चा वसंत इथला आजवरचा सगळ्यात उन्हाचा वसंत ठरला. उतारावर मागच्या वर्षीचे वाळलेले नेचे तांबूस होऊन पडले होते आणि त्यात एकच शिंग उरलेला लाल हरणांचा नर उभा होता. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची शिंगं गळतात, दोन्ही एकदम गळतातच असं नाही.

पाहणीच्या कागदावर आम्ही निसर्ग लिहिला नाही. लिहिलं ते असं: स्वच्छतागृह प्रवेशाजवळ आहे, मधल्या डिअर बार्न या चहाच्या जागेशी आहे. पहिलं बाकडं कुठं, दुसरं कुठं, दोन्हींमध्ये किती मिनिटं. डांबरी रस्ता कुठं संपतो. रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या बाईला, किंवा तीन बाळंतपणं झालेल्या कुठल्याही बाईला, स्वच्छतागृह कुठं आहे हे माहीत नसेल तर ती घराबाहेर पडत नाही. ती कारण सांगते गुडघ्याचं. आपल्याकडचे लोक आळशी म्हणून चालत नाहीत, असं इथल्या सभांमधून आपलीच माणसं म्हणतात तेव्हा मला राग येतो. बाकडी आणि स्वच्छतागृहांचा नकाशा हातात दिल्यावर किती जणी घराबाहेर पडल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाट कुठली, यावर आमची दोघींची थोडी चर्चा झाली. मैत्रिणीला स्विदलँड वुड हवं होतं. पार्काला लागूनच असलेलं हे जुनं ओकचं रान एप्रिलअखेरीस ब्लूबेलच्या फुलांनी निळं होतं. ब्लूबेल ही मुख्यतः याच बेटांची दौलत. जगातली जवळजवळ निम्मी इथेच आहेत, आणि रानातले कंद उपटायला कायद्यानं बंदी आहे. पण तिथे मुळांनी उचकटलेली पायवाट, पाऊस झाला तर चिखल, आणि जुन्या पाटीच्या दगडाच्या खाणीचा पाण्यानं भरलेला खोल खड्डा. कुंपण आहे, तरी मला नको वाटलं. ओल्ड जॉनची टेकडीही बाजूला ठेवली. १७८४मध्ये बांधलेला तो हौशी बुरूज पार्काच्या सगळ्यात उंच टोकावर, सुमारे २१० मीटरवर उभा आहे. लेस्टरच्या प्रत्येक शाळकरी पोरानं तो चढलेला असतो, पण चढ खडा आहे. आम्ही घेतली खालची वाट: न्यूटाउन लिनफर्डच्या फाटकातून नदीच्या कडेनं डांबरी रस्त्यानं, जुन्या वाड्याच्या अवशेषांवरून डिअर बार्नपर्यंत, आणि त्याच वाटेनं परत. ढकलखुर्चीसुद्धा जाते.

आदल्या आठवड्यात आरोग्याचे फॉर्म भरले. छातीत दुखतं का, चक्कर येते का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, दम्याचा पंप आहे का, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. इंग्रजी वाचायला अडणाऱ्यांशी मी एकेकीशी बसून बोलले, आणि तिथे जे कळलं ते कुठल्याच कागदावर आलं नसतं. एक मासी शनिवारचा उपास करतात आणि सकाळी मधुमेहाची ग्लिक्लाझाइड ही गोळीही घेतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी एकटीनं सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिक्लाझाइड नेऊ शकतं, आणि रिकाम्या पोटी चाललं तर नक्कीच धोका. मी त्यांना डॉक्टरांच्या नर्सशी आधी बोलायला लावलं. त्यांनी उपास गुरुवारवर नेला नाही, मात्र त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी आणि बटाटा खाऊनच यायचं कबूल केलं, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. इन्सुलिनवाल्या दोघींनाही तेच. औषधं आम्ही गोळा करत नाही. ज्याची त्यानं आपल्या खिशात ठेवायची. हातांची थरथर, घाम, अचानक चिडचिड दिसली, तर आधी थांबवून गोड द्यायचं आणि मग प्रश्न विचारायचे, हे मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं.

कपड्यांबद्दल एकच आग्रह धरला, बुटांचा. साडी नेसून या, पण खाली कॅनव्हासचे नाहीतर पळायचे बूट. सलवार घालणाऱ्यांनी मोजे वरून ओढायचे, कारण जिथं हरणं आहेत तिथं गोचीड असतो, आणि इथल्या गोचिडातून लाइम हा आजार होऊ शकतो. डांबरी रस्त्यावर धोका कमी, नेच्यांत आणि उंच गवतात जास्त. म्हणून गवतात बसायचं नाही, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी बघून घ्यायचं. यावर आधी खूप हसल्या. मग कच्छच्या एका मासीनं गुरांच्या गोचिडांची हकिगत सांगितली आणि हसणं थांबलं.

२६ तारखेला सकाळी एका देवळाची मिनीबस आणि तीन गाड्या निघाल्या. गार वारा होता, ऊन येऊन-जाऊन. मी बॅकमार्कर, पिवळं चमकदार जॅकेट घालून. पुढे मैत्रीण. फाटकाशी मोजणी झाली आणि नदीच्या काठानं रांग निघाली.

माझ्या पुढे, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी, कंपालाच्या मासी होत्या. आम्ही त्यांना तसंच म्हणतो, कारण त्या युगांडातल्या. एक गुडघा बदललेला, दुसऱ्याचा नंबर लागलेला, हातात काठी. १९७२च्या ऑगस्टमध्ये ईदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्या वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरं, शाळा, सगळं भरलंय, तुमच्या भल्यासाठी इथे येऊ नका. मासींच्या वडिलांनी ती जाहिरात वाचली आणि ते इथेच आले, कारण जाहिरातीमुळे त्यांना या गावाचं नाव कळलं. पुढे मासींनी मोजे-बनियनच्या कारखान्यात शिलाई केली. त्यांचे यजमान इंपीरियल टाइपरायटर्समध्ये होते आणि १९७४च्या संपात आशियाई कामगारांबरोबर बाहेर पडले होते. हे सगळं त्यांनी मला एका वेळी सांगितलं नाही. चार पावलं चालायची, काठी टेकायची, एक वाक्य, पुन्हा चार पावलं. मधूनच "हवे केटलुं बाकी?", म्हणजे आता किती राहिलं? मी म्हणायचे, पुढचं बाकडं दिसतंय बघा. आणि ते खरंच दिसायचं, पाहणी केलेली होती.

अवशेषांपाशी गट थांबला होता. हा विटांचा वाडा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, ग्रे घराण्याचा. लेडी जेन ग्रेचं लहानपण इथे गेलं. १५५३च्या जुलैत तिला नऊ दिवसांसाठी इंग्लंडची राणी केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला, तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची. तिच्या मृत्यूच्या दुःखात इथल्या ओकच्या झाडांचे शेंडे छाटले, अशी आख्यायिका सांगतात. झाडं खरोखर बुटकी आणि जाड बुंध्याची आहेत, पण ती लाकूड मिळावं म्हणून वरून छाटायच्या जुन्या रिवाजामुळे. आख्यायिका ऐकल्यावर मात्र प्रत्येक मासीनं त्या झाडाच्या खोडाला हात लावला. आणि तेवढ्यात पडक्या भिंतीवरून मोर ओरडला. अवशेषांच्या आवारात मोर पाळलेले आहेत. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी मोराचा आवाज गाव सोडल्यापासून ऐकला नव्हता. नागपूरच्या काकू पदरानं डोळे पुसत होत्या. पंजाबी आंटींनी मोबाइल काढून नातवंडांना व्हिडिओ कॉल लावला. लीडरनं घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मला तिचं फार आवडलं. तो थांबा ठरल्यापेक्षा बराच लांबला आणि तसाच लांबू दिला.

डिअर बार्नपर्यंतच्या टप्प्यात डाव्या हाताला फॅलो जातीच्या हरणांचा कळप दिसला. उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर चितळासारखे पांढरे ठिपके येतात, आता कात टाकल्यासारखी अर्धी जुनी अर्धी नवी लव होती. जवळ जायचं नाही, खायला घालायचं नाही, हे दोनदा सांगितलेलं असूनही एका काकांच्या हातात पोळीचा तुकडा निघालाच. त्यांची समजूत त्यांच्या बायकोनं काढली, मला बोलावं लागलं नाही. हरणांना माणसाच्या खाण्याची सवय लागली की ती पोरांच्या अंगावर येतात, शिवाय त्यांच्या पोटाला ते मानवत नाही.

कंपालाच्या मासी आणि मी पोचलो तेव्हा बाकीच्यांचा चहा अर्धा झाला होता. थेपले, गोड लिंबाचं लोणचं, काकूंनी आणलेली आंब्याची डाळ. चैत्र अजून सरला नव्हता, आणि हरभऱ्याच्या वाटल्या डाळीत हापूसची कैरी मिळाली नाही म्हणून काकूंनी दुकानातली हिरवी आफ्रिकन कैरी किसून घातली होती. मासींना ती इतकी आवडली की त्यांनी कंपालाच्या कैऱ्या आठवल्या. मग मी विचारलं, मासी, तुम्ही इथे आधी कधी आलात? तर म्हणाल्या, एकदाच, मुलांच्या शाळेबरोबर. शिक्षिकेच्या मदतीला. तेव्हा वाटलं होतं ही कुणा मोठ्या माणसाची जागा आहे, शाळेनं परवानगी काढली असेल. त्यानंतर इतक्या वर्षांत स्वतःहून यायचं डोक्यात आलं नाही.

मी त्यांना चार्ल्स बेनियनची गोष्ट सांगितली. लेस्टर बुटांसाठी प्रसिद्ध होतं, आणि बेनियन बूट शिवायची यंत्रं बनवणाऱ्या इथल्या मोठ्या कारखान्याचा प्रमुख होता. १९२८मध्ये हे सगळं रान विकायला निघालं तेव्हा त्यानं ते विकत घेतलं आणि लेस्टर शहर व परगण्याच्या लोकांना देऊन टाकलं, जसं आहे तसं ठेवावं आणि लोकांनी इथे निवांत फिरावं या अटीवर. स्विदलँड वुड त्याच्या तीन वर्षं आधी, १९२५मध्ये, इथल्या रोटरी क्लबनं असंच लोकांसाठी वाचवलं. तिकीट लागत नाही, परवानगी लागत नाही. गाडी लावायचे तेवढे पैसे. मासींनी लेस्टरच्या लोकांना म्हणजे कुणाला, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला. तुम्ही त्रेपन्न वर्षं इथे घरपट्टी भरताय. त्या काही बोलल्या नाहीत, अजून थोडी डाळ घेतली.

परतताना एका तरुण नातवानं, जो आजीला सोडायला म्हणून आला आणि थांबला, खडकांची माहिती दिली. तो विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकतो. इथले खडक पंचावन्न कोटी वर्षांहून जुने. चार्नवुडच्या रानात टीना नीगस या शाळकरी मुलीला १९५६मध्ये पानासारखा एक जीवाश्म दिसला, पण तिच्या शिक्षिकेनं इतक्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाही म्हणून विषय बंद केला. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच दिसला आणि तो शास्त्रज्ञांपर्यंत पोचला. चार्निया असं त्याचं नाव, आणि तो लेस्टरच्या संग्रहालयात आहे. मासींचं सगळं लक्ष त्या मुलीकडे. तिचं पुढे काय झालं, तिला कुणी मानलं का? आता मानतात, असं तो म्हणाल्यावर त्या पुढे चालायला लागल्या.

परतीच्या वाटेवर एकदा एका आंटींना चक्कर आल्यासारखं झालं. त्यांना बसवलं, पाणी दिलं, साखर मोजायचं यंत्र त्यांच्याच पर्समध्ये होतं. आकडा ठीक निघाला, ऊन आणि कमी पाणी एवढंच. मैत्रीण गट घेऊन सावलीत थांबली, आम्ही वीस मिनिटं बसलो, आणि आंटी स्वतःच्या पायांनी फाटकाशी आल्या. मोजणी पूर्ण झाली.

मला या चालीतून जे हवं होतं ते रक्तातल्या साखरेच्या आकड्यांत लगेच दिसणार नाही, हे मी औषधाच्या दुकानात उभी राहून चांगलं जाणते. एका शनिवारानं काही होत नाही. म्हणून पुढच्या मंगळवारपासून ॲबी पार्कमधली फेरी चालूच ठेवली आहे, जेवणानंतर, कारण जेवल्यावर थोडं चाललं तर साखर कमी चढते. उन्हाळ्यात थर्मास्टनजवळच्या वॉटरमीड कंट्री पार्कात जातो. ते सपाट आहे, तळ्यांच्या काठचं आहे आणि बेलग्रेव्हहून जवळ आहे, त्यामुळे मिनीबस मागावी लागत नाही. १९६८च्या कायद्यानं अशी कंट्री पार्क शहरांच्या जवळ उभी राहिली ती माणसांना फार लांब जावं लागू नये म्हणूनच. जून महिना ब्रॅडगेटला आम्ही टाळतो, हरणांची पाडसं गवतात लपलेली असतात आणि माद्या सावध असतात.

ब्लूबेल राहिलीच होती. ज्यांचे पाय धड होते त्या आठवडाभरानं मैत्रिणीबरोबर स्विदलँडला जाऊन आल्या, फुलं ओसरत आलेली असतानाही खूश होऊन परतल्या. कंपालाच्या मासींना ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांचा दुसरा गुडघा शरद ऋतूत झाला. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनं घरातल्या घरात चालायला सांगितलं तेव्हा त्यांनी तिला आमच्या नकाशाची प्रत दाखवली, बाकड्यांच्या खुणांसकट, आणि विचारलं, मी पहिल्या बाकड्यापर्यंत कधी जाऊ शकेन? तिनं तारीख दिली. मासींनी ती आमच्या गटाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिली, आणि खाली लिहिलं की त्या दिवशी पिवळं जॅकेट त्यांना हवं आहे.